हरभऱ्यात करडई: आधी ओल बघा, मग फण मोजा

प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात चार एकर कोरडवाहू काळं रान. सोयाबीन निघालं की दरवर्षी सरसकट हरभरा. गेल्या दोन हंगामांत एकदा मर (झाडं उभ्या उभ्या वाळण्याचा रोग) लागली, एकदा डिसेंबरातच ओल संपली. यंदा हरभऱ्यात करडई घ्यावी, जवस की मोहरी? किती ओळींना किती? आणि एवढा खटाटोप परवडतो का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. रान दोन-अडीच फूट किंवा त्याहून खोल असेल तर हरभरा सहा ओळी, करडई तीन ओळी. दीड फुटाखाली मुरूम लागत असेल तर करडईचा नाद सोडा, हरभऱ्यात जवस घ्या, चाराला दोन. मोहरी औशात नको. आणि परवडतं का म्हणाल तर चांगल्या पावसाच्या वर्षी जेमतेम; वाईट वर्षी नक्की.

मी बार्शी तालुक्यात तीस वर्षं कोरडवाहू रब्बी करतोय. त्यात चुकाही भरपूर केल्या, त्यातली एक खाली येईलच.

खोली आधी बघायची. चार एकर रान सगळीकडं सारखं नसतं. बांधाकडं, नाल्याकडं, चढाला वेगळं निघतं. सोयाबीन निघाल्यावर अर्ध्या इंचाचा चार-पाच फुटी लोखंडी गज घ्या आणि दहा-बारा ठिकाणी अंगाच्या जोरावर खाली दाबा. ओल्या काळ्या मातीत तो सरसर जातो. जिथं कोरडं लागलं किंवा मुरूम लागला तिथं थांबतो. गजावर खूण करून फूटपट्टी लावा, एवढंच. दोन-तीन ठिकाणी कुदळीने खणून हातभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन राहिला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला की वाफसा (पेरणीजोगी ओल) बरोबर आहे. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण पुढचे चार महिने त्यावर अवलंबून आहेत.

कारण कोरडवाहू रब्बी म्हणजे साठवलेल्या पाण्यावरचा संसार. खोल काळी जमीन मीटरभर खोलीत साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते. दीड फुटाच्या रानात त्याच्या निम्म्याहून कमी उरतं. हरभरा बहुतेक पाणी वरच्या दोन-तीन फुटांतून उचलतो. करडईचं सोटमूळ पाच-सहा फूट आणि त्याहूनही खाली जातं. शिवाय दोघांच्या वेळा वेगळ्या. करडई पहिला महिनाभर जमिनीला चिकटून पानांचा गुच्छ करून बसते, वरून बघणाऱ्याला वाटतं पीक मेलं की काय. ती त्या वेळी खाली मूळ सोडत असते. त्याच महिन्यात हरभऱ्याला फुटवे येतात. हरभरा १०० दिवसांच्या आतबाहेर वाळतो, करडई १२५ ते १३५ दिवस घेते. म्हणजे हरभऱ्याचे घाटे भरत असताना करडई नुकती उंच होऊन बोंडं धरत असते, आणि हरभरा निघाल्यावर खालच्या ओलीवर ती दाणे भरते. एक वरची ओल पितो, दुसरी खालची. पण हे खालची ओल असेल तरच! दीड फुटाच्या रानात करडईला जायला खाली जागाच नाही, मग ती हरभऱ्याच्याच ताटातलं खाते. मिश्र पीक करून हात पोळलेले बहुतेक जण इथंच पोळलेत आणि बोल मात्र करडईला लावतात.

रब्बी ज्वारीत करडीचे तास (ओळी) धरायची आपल्याकडची रीत जुनी आहे. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ पासून काम करतंय, त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते करत होते. कडेचे काटेरी तास गुरांना आत येऊ देत नाहीत हाही त्यातला एक हिशोब. आता गुरं कमी झाली, हरणं आणि रानडुकरं वाढली.

आता पैशाचं. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. सरसकट हरभरा एकरी ५ क्विंटल, सरसकट करडई ४ क्विंटल येते असं धरू. मिश्र रानात हरभरा साडेतीन आणि करडई १.६ क्विंटल आली. साडेतीन भागिले पाच म्हणजे ०.७, १.६ भागिले चार म्हणजे ०.४. बेरीज १.१. म्हणजे एक एकरात १.१ एकराचं पीक घेतलं. २०२५-२६ च्या रब्बी पिकांसाठी जाहीर झालेला हमीभाव हरभऱ्याला ५,८७५ आणि करडईला ६,५४० रुपये आहे. सरसकट हरभऱ्याचे २९,३७५ होतात, मिश्र पिकाचे साधारण ३१,०००. फरक सोळा-सतराशेचा. दोनदा काढणी, दोनदा मळणी, यात तो सहज जातो. चांगल्या वर्षी जेमतेम म्हटलं ते यासाठी.

आता डिसेंबरात ओल संपलेलं वर्ष घ्या. सरसकट हरभरा दोन क्विंटलवर आला, ११,७५० रुपये. मिश्र रानात हरभरा १.४ आणि करडई १.२ धरा, सोळा हजार होतात. हे पीक नफ्यासाठी नाही, पडत्या वर्षात उभं राहण्यासाठी आहे. सगळी वर्षं सारखीच हिरवी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी सरसकट हरभराच करावा, भांडण नाही.

ओळींचं प्रमाण लोक पुस्तकातून उचलतात. मी म्हणतो, तुमच्या पेरणीच्या अवजाराला विचारा. सहाला तीन हे तिफणीला (तीन दात्यांच्या बैलपाभरीला) बरोबर बसतं: दोन फेरे हरभऱ्याचे, एक करडईचा. फेरा संपला की चाड्यावरची (बी सोडायच्या नरसाळ्यावरची) बाई ओटीतलं बी बदलते, काम संपलं. तिफणीची आणखी एक सोय म्हणजे दोन्ही बिया वेगवेगळ्या खोलीवर पडतात. हरभरा तीन-चार बोटं खाली चांगला, करडई दोन-अडीच बोटं. करडईच्या फेऱ्याला रुमणं (तिफणीची मूठ) थोडं हलकं धरलं की झालं.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर मात्र डोकं चालवावं लागतं. समजा यंत्राला नऊ फण (बी पाडणारे दाते) आहेत. कुणीही म्हणेल, सहात हरभरा भरा, कडेच्या तिनात करडई. असं केलंत तर ट्रॅक्टर वळून परत येताना करडईच्या तीन ओळी आधीच्या तीन ओळींना चिकटतात आणि रानात बाराला सहा तयार होतं. करडई मधल्या तीन फणांत घ्या: तीन हरभरा, तीन करडई, तीन हरभरा. मग शेजारच्या फेऱ्याचे तीन आणि याचे तीन मिळून हरभऱ्याच्या सहा ओळी आपोआप जुळतात. सहा फणी यंत्र असेल तर मधल्या दोनात तेलबिया, बाजूला दोन-दोन हरभरा, चाराला दोन झालं. पेटीत मधल्या फणांच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आडोसा घट्ट बसवा. फट राहिली तर ट्रॅक्टरच्या हादऱ्याने करडई हरभऱ्याच्या खणात उतरते. ते उगवल्यावरच कळतं.

फण सगळे एक फुटावर असतील तर राहू द्या. करडईची शिफारस ४५ बाय २० सेंटिमीटरची आहे, म्हणजे एका झाडाला ९०० चौरस सेंटिमीटर जागा. ओळी ३० सेंटिमीटरवर असतील तर विरळणी करताना झाडं ३० सेंटिमीटरवर ठेवा, जागा तेवढीच मिळते. फण हलवत बसायला नको.

बियाणं एकरी विजयसारख्या मध्यम दाण्याच्या हरभऱ्याचं १८ किलो, करडईचं दीड किलो. टपोऱ्या दाण्याचा वाण असेल तर हरभरा २५ किलोच्या पुढं जाईल. यंत्र रानात नेण्याआधी घरीच जॅकवर उचला, जमिनीवर चालणाऱ्या चाकाचा घेर मोजा, वीस फेरे हाताने फिरवा आणि प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा. मीटरभर अंतरात हरभऱ्याचे दहा आणि करडईचे पाच-सहा दाणे पडायला हवेत. हरभऱ्याच्या चकत्यांतून (बी मोजून सोडणाऱ्या खाचांच्या चाकांतून) करडई भसाभस गळते. बारीक खाचांच्या चकत्या नसतील तर करडईत चाळलेलं कोरडं शेणखत किंवा वाळू मिसळून घ्या. हे न करता पेरणी केली तर विरळणीला तिप्पट मजुरी जाते.

वेळेचं भान ठेवा. कोरडवाहू हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, करडई सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. दोघांची गाठ पडते ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत, आणि तुमचं सोयाबीन तेव्हाच निघत असतं. म्हणून नांगरटीच्या फंदात पडू नका. सोयाबीन उचललं की वखराची एक उथळ पाळी आणि मागोमाग पेरणी. प्रत्येक जादा पाळी म्हणजे वरच्या दोन बोटांची ओल वाऱ्यावर. पाऊस लांबून पेरणी ऑक्टोबरअखेर गेली तर करडई मुळीच घेऊ नका. उशिराच्या करडईवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) असा बसतो की शेंडे काळे पडतात.

मरीचं सांगतो. मिश्र पिकाने मर जात नाही. मरीची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते आणि त्याच रानात हरभऱ्यावर हरभरा घेतला की वाढते. प्रतिकारक वाण (विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, फुले विक्रम, यातला तुमच्याकडं खात्रीचा मिळेल तो) आणि बीजप्रक्रिया, हेच औषध. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी), मग पेरणीच्या आधी सावलीत रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. करडईला रायझोबियमचा उपयोग नाही, तिला अॅझोटोबॅक्टर लावा. करडईलाही स्वतःची मर असते, हे लोक विसरतात. शक्य असेल तर चारपैकी एक एकर आलटून पालटून रब्बी ज्वारीला द्या.

खतात एक गोष्ट पाळा: डीएपीच्या सवयीतून बाहेर या, त्यात गंधक नसतं. तेलबियांना गंधक लागतं, हरभऱ्यालाही चालतं. एकरी अडीच पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरिया पेरणीबरोबर द्या. त्यातून २० किलो स्फुरद आणि तेरा-चौदा किलो गंधक मिळतं. खताच्या पेटीतही आडोसा असेल तर करडईच्या फणांना सात-आठ किलो युरिया जादा. हरभऱ्याला जादा नत्र देऊ नका, नुसता माजतो. सुपर आणि युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, सकाळी लगदा झालेला असतो. पालाश माती तपासून.

पंधरा-वीस दिवसांनी करडईची विरळणी. उपटलेली रोपं बांधावर टाकू नका, करडईची कोवळी भाजी बाजारात विकली जाते आणि घरी डाळ घालून केली तर त्यासाठी दुसरं कारण लागत नाही. विरळणी टाळली तर करडई हरभऱ्यावर चढते, आणि मग दोष सहाला तीनचा म्हणतात.

कोळपणी दोनदा: तिसऱ्या आठवड्यात आणि पाचव्या आठवड्यात. दुसरी तणासाठी कमी आणि भेगांसाठी जास्त. काळ्या रानाला डिसेंबरात भेगा पडल्या की ओल आतून उडते. कोळप्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत ठेवली की भेगा बुजतात. शेततळ्यातलं एखादं पाणी जवळ असेल तर हरभरा फुलोऱ्यात येताना द्या, पण भेगा पडायच्या आधी. भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं तर ते भेगांतून खाली जातं आणि करडईची मुळं कुजतात.

रुंद पानाच्या तणांचं उभ्या पिकात मारायचं तणनाशक या जोडीत विसरा. एकाला चालेल ते दुसऱ्याला जाळेल.

घाटेअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), म्हणजे तुमच्या चार एकरांना आठ. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की थांबू नका. पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची फुलं लागताना, पुढची गरज पडली तर विषाणूजन्य एचएएनपीव्ही, संध्याकाळी. पेरताना एकरी मूठ-दोन मूठ ज्वारी हरभऱ्याच्या बियाण्यात टाका. ती ताटं पक्ष्यांना बसायला होतात. करडईची उंच झाडंही तेच काम करतात असं मला दिसतं, पण घाटेअळी करडईच्या बोंडांतही शिरते, तेव्हा फक्त हरभऱ्याकडं बघत राहू नका. माव्यासाठी डिसेंबरच्या मध्यापासून करडईचे शेंडे आठवड्याला पालथे करून बघा. तो कडेकडून येतो. कडेच्या पंचवीस झाडांवर दिसला तर तेवढ्याच कडा फवारा. फुलोऱ्यात सकाळी मधमाश्या करडईवर असतात, तेव्हा पंप उचलायचा नाही.

आता माझी चूक. एका वर्षी कुणाचं तरी ऐकून मी दोनाला एक पेरलं. करडई काटेरी, भीमा. पीक बघायला लोक यायचे इतकं देखणं. फेब्रुवारीत हरभरा वाळला आणि बायका कामाला आल्या. पहिल्या तासाभरात दोघींचे हात रक्ताळले. त्यातली मोठी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मालक, आधी तुमची करडी काढा, मग आम्हाला बोलवा.” आणि निघून गेल्या. करडी काढायला अजून महिना होता. आठ दिवसांत ऊन तापलं, घाटे गळायला लागले, शेवटी दुप्पट मजुरी देऊन, हाताला गोणपाट बांधून जे हाती लागलं ते काढलं. दोनाला एकमध्ये हरभऱ्याच्या प्रत्येक ओळीला काटा शेजारी असतो. सहाला तीनमध्ये फक्त कडेच्या दोन ओळींना. प्रमाणाचं हे कारण मला रानात कळलं.

बिनकाटेरी वाण आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेचा नारी-६ हा त्यातला ओळखीचा. मजुरांचा प्रश्न असेल तर तो घ्या. मात्र हरणं आणि डुकरं असलेल्या शिवारात किमान कडेचे तास काटेरीच ठेवा. काटेरी करडई काढायची तर पहाटे, दव असताना. काटे नरम पडतात आणि बोंडंही फुटत नाहीत.

तुम्ही हरभरा हार्वेस्टरने काढणार असाल तर हे सगळं बदलतं. सहा ओळींच्या, म्हणजे पावणेदोन मीटरच्या पट्ट्यात हार्वेस्टर शिरत नाही. त्याचा कात्रीपट्टा साधारण १४ फूट असतो, मग हरभऱ्याचा पट्टा किमान अठरा ओळींचा आणि करडई नऊ ओळींची ठेवावी लागेल. वाण उंच वाढणारा, फुले विक्रमसारखा. त्यात मुळांची वाटणी कमी होते, पण वाईट वर्षाचा आधार राहतो. गव्हाच्या हार्वेस्टरने करडईही निघते, तेव्हा काट्याचा प्रश्नच मिटतो. चार एकरांसाठी मी हे करेन का? शेजाऱ्याचं रान लागून असेल आणि दोघं मिळून पेरणार असतील तर करेन.

जवसाचं थोडक्यात. मुळं उथळ, पण झाड सडपातळ. हरभऱ्यावर सावली धरत नाही, काटा नाही, हरणं फारशी तोंड लावत नाहीत. लातूर जवस-९३ तुमच्याच भागातला वाण. बी एवढं निसटतं की यंत्राच्या बारीक फटीतूनही गळतं. काढणी हरभऱ्याच्या आसपासच येते, दोन्ही वेगळे गोळा करा. मळणीयंत्रात जवस सरळ घालू नका, दोरासारखी सालं आसाला गुंडाळून यंत्र बसतं. ताडपत्रीवर बडवून किंवा ट्रॅक्टर फिरवून मळा. आणि विकणार कुठं ते पेरायच्या आधी विचारा, कारण जवसाला हमीभाव नाही.

मोहरी पहिल्या दिवसापासून धावते आणि हरभऱ्यावर सावली टाकते. राजस्थान, उत्तर प्रदेशात थंडी लांबते म्हणून ती जोडी तिकडं जमते. आपल्याकडं पूर्व विदर्भात भातानंतर मोहरीला अर्थ आहे. औशात जानेवारीअखेर ऊन चटकायला लागतं, शेंगा भरायच्या आत मावा आणि उष्णता दोन्ही येतात.

ई-पीक पाहणीत मिश्र पीक म्हणून दोन्ही पिकांची नोंद वेळेत करा. नुसता हरभरा लिहिलात तर करडई हमीभावाने विकताना सातबाऱ्यावर ती दिसणार नाही.

यंदा चारही एकर करू नका. सगळ्यात खोल रान असेल तिथं एक एकर सहाला तीन करा, त्याला लागूनच तोच वाण, तीच तारीख, तेच खत ठेवून सरसकट हरभरा. दोन्हींची पोती वेगळी मोजा, मजुरीही वेगळी लिहा. गज लावल्यावर खोलीचे आकडे आणि तुमच्या यंत्राला फण किती आहेत ते कळवा, आडोसा कुठं बसवायचा ते काढून देतो.